जुना औद्योगिक पट्टा नव्याने उभा करायचा तर सुरुवात कुठून करायची?

धुराडं (धागाकर्ता)

शहराच्या पोटात बंद कारखान्यांचा पट्टा असला की दर चार-दोन वर्षांनी कुणीतरी त्याचं एक चकाचक चित्र घेऊन येतं. काचेच्या बिल्डिंगी, मधे हिरवळ, सायकलवरची माणसं आणि कोपऱ्यात एक जुनी चिमणी राखलेली, म्हणजे वारसा जपला म्हणायला मोकळे. चित्र बघून सगळे खुश होतात, मग दहा वर्षं काही हलत नाही, आणि मग एक दिवस सगळ्यात मोक्याचा तुकडा तेवढा विकला जातो.

माझं म्हणणं सरळ आहे, चित्र सगळ्यात शेवटी काढा. आधी हे ठरवा की पुढची तीस वर्षं जमीन कोणाच्या हातात राहणार. ते ठरलं की माती आणि पाणी, मग तिथे अजून जे कामधंदे कसेबसे चालू आहेत त्यांचं काय, मग येण्याजाण्याची सोय, आणि मग बिल्डिंगी. बहुतेक ठिकाणी हा क्रम नेमका उलटा लागतो आणि तिथेच घोडं पेंड खातं.

तीस वर्षं हा आकडा उगाच नाही. हॅम्बुर्गचं हाफेनसिटी घ्या, जुन्या बंदराची १५७ हेक्टर जागा. १९९७ साली जाहीर झालं, २००० साली मास्टरप्लॅन आला, आणि काम अजून चालूच आहे. पण खरी गंमत १९९७ च्या आधीची आहे. जाहीर करायच्या आधीच शहराने आपल्याच मालकीच्या बंदर कंपनीकडून तिथल्या शेड आणि भाडेकरूंचे हक्क गुपचूप ताब्यात घ्यायला सुरुवात केली होती. आधी बोभाटा झाला असता तर भाव आभाळाला टेकले असते.

पुढे प्लॉट विकायची पद्धतही बघण्यासारखी आहे. बिल्डरला आधी प्लॉट फक्त राखून देतात. त्या मुदतीत त्याने स्वतःच्या खर्चाने डिझाईनची स्पर्धा घ्यायची, नकाशे करायचे, परवानग्या काढायच्या, आणि बांधकाम परवाना हातात आला की मगच खरेदीखत. मधेच त्याने टंगळमंगळ केली तर प्लॉट परत. म्हणजे जमीन दाबून ठेवून भाव चढायची वाट बघणारा गडी दारातच गळतो. निवडताना सुद्धा नुसती बोली बघत नाहीत, तिथे काय करणार याला किमतीपेक्षा जास्त वजन असतं.

तर चर्चा करूया. इथे प्लॅनिंगवाले, बांधकामवाले, कारखानेवाले सगळेच आहेत असं दिसतंय.

पारावरचा

वाखूसा (वाचनखूण साठवली). पण राव, जमीन शहराचीच असेल तर हे सगळं सोपं आहे की. हॅम्बुर्गला बंदर शहराचंच होतं. जिथे पन्नास मालक, त्यातले वीस कोर्टात भांडतायत, पाच जणांचा पत्ताच नाही, तिथे काय करणार? सरकार सगळं विकत घेणार? एवढे पैसे आणायचे कुठून?

नकाशेवाली

@पारावरचा, खाजगी मालकी असेल तर बार्सिलोनाचं उदाहरण जास्त कामाचं. पोब्लेनोऊ नावाचा जुना कापड गिरण्यांचा भाग, साधारण २०० हेक्टर, शंभरावर ब्लॉक, मालक असंख्य. त्यांनी २००० साली नियम बदलला. आधी तिथे फक्त उद्योगच चालायचे, नव्या नियमाने ऑफिसं, संशोधन, थोडी घरं यांना मुभा दिली आणि चटईक्षेत्र वाढवून दिलं. पण फुकट नाही दिलं. ज्याला वाढीव बांधकाम हवंय त्याने साधारण ३० टक्के जमीन शहराला द्यायची, त्यात परवडणारी घरं, बागा आणि ज्ञानाधारित कामांच्या, शिक्षणाच्या जागा अशा वाटण्या. शिवाय रस्ते-वायर-पाइप यांच्या खर्चात वाटा. मालकाला घाई नसेल तर बसू दे, जुन्या नियमात राहू दे. यात कुणाची जमीन हिसकावायची गरज पडत नाही आणि सरकारला सगळं विकत पण घ्यावं लागत नाही.

आता हेच आपल्याकडे मुंबईच्या १९९१ च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीसाठी होतं की. एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, एक तृतीयांश मालकाला. कागदावर बार्सिलोनापेक्षा कडक! मग २००१ च्या दुरुस्तीने हिशोब फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेचा धरायचा असं झालं, शेड पाडून जी जागा मोकळी होईल ती हिशोबाबाहेर. गिरणीच्या आवारात मुळात मोकळी जागा असते किती? त्यामुळे शहराच्या वाट्याला चिंचोके आले. २००६ मधे सुप्रीम कोर्टानेही ती दुरुस्ती उचलून धरली.

सांगायचा मुद्दा काय, तर प्लॅन चांगला असणं पुरत नाही. तीस वर्षांत एकदा कधीतरी कुणीतरी एक ओळ बदलणारच. ती बदलायला अवघड कशी करायची ते आधी बघा. माझ्या मते शहराचा वाटा पहिल्याच परवानगीच्या वेळी, मालकाने एक वीट पाडायच्या आधी, शहराच्या नावावर चढला पाहिजे. नंतर देतो म्हणणाऱ्याकडून कोण वसूल करणार.

धुराडं

शेवटच्या परिच्छेदाला शंभर वेळा अनुमोदन.

खडूस_काका

कशाला एवढा कीस पाडताय. स्पेनमधल्या बिल्बाओने एक संग्रहालय बांधलं आणि सगळं शहर बदललं. एक जबरदस्त बिल्डिंग उभी करा, पर्यटक येतील, बाकीचं आपोआप होतं. तुमची माती-पाणी समिती बसेपर्यंत लोक म्हातारे होतील.

धुराडं

काका, मला वाटलंच होतं कुणीतरी बिल्बाओ काढणार, बरं झालं लवकर निघालं.

संग्रहालय उघडलं १९९७ मधे. त्याआधी काय काय झालं होतं ते बघा. जहाजबांधणी आणि पोलाद ऐंशीच्या दशकात कोसळलं, १९८३ मधे मोठा पूर आला. नदीत कारखान्यांचं आणि शहराचं सांडपाणी जात होतं, ते थांबवायची योजना ऐंशीच्या दशकातच सुरू झालेली आणि त्यावर संग्रहालयाच्या कितीतरी पट खर्च झाला. बंदर शहराच्या मधून काढून समुद्राच्या तोंडाशी नेलं, म्हणून तर नदीकाठ मोकळा झाला. मेट्रो १९९५ ला सुरू झाली. आणि १९९२ मधे एक सरकारी कंपनी काढली, अर्धे भागीदार केंद्राचे, अर्धे प्रांत आणि शहराकडचे. रेल्वे, बंदर वगैरे ज्या खात्यांच्या जमिनी तिथे पडून होत्या त्या या कंपनीकडे आल्या, शहराने त्यांचा वापर बदलून दिला, कंपनीने थोड्या विकल्या आणि आलेला पैसा रूळ हलवणं, नदीकाठ, गरीब उपनगरं यात घातला.

एवढी पंधरा वर्षांची मशागत झाल्यावर ती चमकदार बिल्डिंग आली. फोटोत तीच दिसते कारण सांडपाण्याच्या पाइपाचा फोटो कोण काढतं. नुसती बिल्डिंग बांधून नशीब फळफळेल म्हणून किती शहरांनी पैसे घालवलेत. हॅम्बुर्गनेच एल्बफिलहार्मोनी हे संगीत सभागृह बांधलं, जनतेच्या पैशातून ७७ दशलक्ष युरो लागतील म्हणून सुरुवात केली, २०१७ ला उघडलं तेव्हा एकूण बिल ८६६ दशलक्ष. त्यांना परवडलं कारण बाकीचा पट्टा पायावर उभा होता.

खडूस_काका

बरं बरं. पण लोकांना काहीतरी दिसायला तर पाहिजे ना, पाइप दाखवून मतं मिळत नाहीत.

मातीतला_माणूस

काकांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाहीये, पण मी पाइपवालाच आहे त्यामुळे थोडं लांबण लावतो, सहन करा.

औद्योगिक जमिनीची तपासणी हे प्रकरण बहुतेक प्लॅनमधे एका ओळीत उरकतात. 'आवश्यक ती स्वच्छता केली जाईल.' ही ओळ वाचली की माझ्या डोक्यात तिडीक जाते. कुठली स्वच्छता? प्रत्येक धंद्याने मागे वेगळी घाण ठेवलेली असते. गॅस बनवायचे जुने कारखाने डांबर आणि बेन्झीन सोडून जातात, कातडी कमावणारे क्रोमियम, बॅटरीवाले शिसं. आणि सगळ्यात डेंजर प्रकार म्हणजे धातूचे पार्ट धुवायला वापरायचे ते ट्रायक्लोरोएथिलीनसारखे द्रव. हे पाण्यापेक्षा जड असतात, जमिनीत झिरपत भूजलाच्याही खाली जाऊन बसतात, वरून माती अगदी स्वच्छ दिसते. मग तुम्ही वर घरं बांधता आणि वर्षानुवर्षं त्याची वाफ तळघरातून, फरशीच्या भेगांतून घरात येत राहते. नुसते वरवरचे मातीचे नमुने घेऊन हे कळतच नाही, मातीतल्या वायूची आणि भूजलाची तपासणी लागते, आणि ती पण एकदा करून चालत नाही, पावसाळ्यात पाणी वर येतं तेव्हाची वेगळी आणि उन्हाळ्यातली वेगळी.

म्हणून पहिलं काम म्हणजे कागद शोधणं. कुठल्या शेडमधे काय बनत होतं, टाक्या कुठे पुरल्यात, गाळ कुठे टाकायचे. जुने बॉयलर अटेंडंट, फिटर, वॉचमन हयात आहेत तोवर त्यांना आवारात फिरवा आणि नकाशावर खुणा करून घ्या. जुने कामगार दहा मिनिटांत जे सांगतात त्यासाठी नंतर शेकड्याने बोअर मारावे लागतात.

दुसरं, सगळीकडे पूर्ण सफाई करायचा हट्ट धरला तर पैसे पुरणार नाहीत. वापर बघून सफाई ठरवायची. जिथे पोरं मातीत खेळणार तिथे वेगळा निकष, जिथे वर काँक्रीटचा थर आणि पार्किंग येणार तिथे वेगळा. डुइसबर्गला १९८५ मधे बंद झालेल्या लोखंडाच्या कारखान्याचं पार्क केलंय, तिथे भट्ट्या तशाच उभ्या आहेत, गॅसच्या टाकीत पाणी भरून लोक डायव्हिंग शिकतात, धातुकाच्या बंकरच्या भिंतींवर चढाई करतात. तिथली सगळी माती उचलून दुसरीकडे नेली नाही, फार वाईट होती ती बंदिस्त केली आणि माणसं कुठे फिरतील ते त्याप्रमाणे आखलं. (उचलून नेलेली माती शेवटी दुसऱ्या कुणाच्यातरी दारात पडते, हे पण लक्षात घ्या.)

पण बंदिस्त केलं म्हणजे संपलं असंही नाही. सिअॅटलचा गॅसचा कारखाना १९५६ ला बंद झाला, १९७५ ला त्याचं पार्क झालं. मातीत सांडपाण्याचा गाळ आणि लाकडाचा भुसा मिसळून जिवाणूंकडून तेल खाऊन घ्यायचा प्रयोग केला, त्या काळात फारच पुढचा विचार होता तो. तरी १९८४ मधे तपासणीसाठी पार्क काही काळ बंद ठेवावं लागलं आणि सफाईची कामं पुढे कित्येक वर्षं चालली. म्हणजे तीस वर्षांच्या प्लॅनमधे तीस वर्षांचं मॉनिटरिंग आणि त्याचे पैसे बाजूला काढून ठेवलेले पाहिजेत, वेगळ्या खात्यात, ज्याला पुढचा कमिशनर हात लावू शकणार नाही.

सगळ्यात मोठं उदाहरण एम्शर नदीचं. जर्मनीचा रूर भाग, खाली कोळशाच्या खाणी, त्यामुळे जमीन खचत राहायची आणि पुरलेले पाइप फुटायचे, म्हणून जवळजवळ शंभर वर्षं नदीचंच उघडं गटार करून ठेवलेलं. खाणी सरकल्या, जमीन स्थिरावली, मग १९९२ पासून ५१ किलोमीटर लांबीची मुख्य भुयारी वाहिनी आणि बाकी सगळं जाळं टाकायला घेतलं, २०२१ च्या शेवटी नदी सांडपाण्यातून मोकळी झाली. खर्च साडेपाच अब्ज युरोच्या आसपास. तीस वर्षं ही अशी असतात.

निशाचर

काय प्रतिसाद आहे! हा वेगळा धागा म्हणून टाका.

एक शंका, सफाईला इतकी वर्षं लागणार तोवर जमीन नुसती कुंपण घालून ठेवायची का?

नकाशेवाली

अजिबात नाही, कुंपण घातलं की ती जागा शहराच्या डोक्यातून पुसली जाते आणि शिवाय पत्रे, वायरी सगळं चोरीला जातं. तात्पुरता वापर हा यातला सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे.

अॅमस्टरडॅमला द सोवेल म्हणून जागा आहे, जुनं जहाज दुरुस्तीचं आवार, माती प्रदूषित, म्हणून खोदायचं नाही अशी अट. शहराने ती दहा वर्षांच्या भाड्याने दिली. घेणाऱ्यांनी मोडीत निघालेल्या हाउसबोटी आणून जमिनीवर ठेवल्या, त्यात ऑफिसं आणि स्टुडिओ काढले, मधून लाकडी उंच पायवाट केली म्हणजे मातीशी संबंधच नको, आणि खाली प्रदूषण शोषणारी झाडं लावली. पाया नाही, खोदकाम नाही, मुदत संपली की उचला आणि निघा.

@खडूस_काका, हे घ्या तुमचं 'दिसायला काहीतरी'. दुसऱ्या वर्षी लोक आत येऊन चहा पिऊ शकतात, आणि पाइपवाले शेजारी आपलं काम करत राहतात.

भाडेकरू

थांबा थांबा. या तात्पुरत्या वापराचं पुढे काय होतं ते पण सांगा की. आधी चित्रकार, सुतार, बँडवाले अशांना स्वस्तात बोलावतात, ते जागा साफ करतात, रंग लावतात, लोकांची वर्दळ वाढवतात, जागेला नाव मिळतं, आणि नाव मिळालं की त्यांना हाकलतात. आम्ही मित्रांनी एका जुन्या गोडाऊनमधे वर्कशॉप थाटलं होतं, लाईट-पाणी सगळं पदरचं घालून केलं, करार अकरा-अकरा महिन्यांचा. ज्या वर्षी पेपरात आमच्या गल्लीचा फोटो आला त्याच वर्षी भाडं तिप्पट. मालकाचं पण काही चुकलं नाही म्हणा, कागदावर त्याला सगळा अधिकार होता. म्हणून म्हणतो, तात्पुरत्याच्या करारातच लिहा की कायमची बांधकामं आली की त्यातली इतकी जागा इतक्या भाड्याने आधी इथल्या लोकांना.

बार्सिलोनात पण कान रिकार्त नावाच्या जुन्या कारखान्यातल्या कारागिरांना आणि कलाकारांना बाहेर काढलं म्हणून केवढं आंदोलन झालं होतं. नकाशेवालींनी तो भाग वगळला.

नकाशेवाली

वगळला नाही, लांबलं असतं म्हणून थांबले. बरोबर आहे तुमचं. ३० टक्क्यांच्या हिशोबात जमीन मोजली, पण तिथे आधीपासून काम करणारी माणसं कुठल्याच रकान्यात नव्हती.

लेथवाला

मी आता येतो कारण रकान्यात नसलेला माणूस मीच.

सगळे 'बंद पडलेला पट्टा' म्हणताय. पूर्ण बंद पट्टा क्वचितच असतो. मोठा कारखाना बंद होतो, पण त्याच्या आजूबाजूचे छोटे शेडवाले, लेथ, प्लेटिंग, प्रेस, डाय-मोल्ड, गाड्यांची बॉडी, छपाई हे चालू असतात. कारण शहराला यांची रोज गरज असते. लिफ्टचा पार्ट तुटला तर तो तासाभरात करून देणारा माणूस शहराच्या बाहेर चाळीस किलोमीटरवर गेला तर लिफ्ट दोन दिवस बंद. प्लॅनवाल्यांच्या सर्व्हेमधे आम्ही 'अनियोजित वापर' म्हणून येतो. बसा.

आता 'मिश्र वापर' म्हणजे खाली उद्योग आणि वर घरं असं चित्र दाखवतात त्याबद्दल. नकाशावर तळमजल्याला 'उद्योग' असा रंग मारलेला असतो. प्रत्यक्ष जाऊन बघा. छताची उंची नेहमीच्या दुकानाएवढी, म्हणजे क्रेन सोडाच, पत्रा उभा फिरवता येत नाही. खांब वरच्या फ्लॅटच्या पार्किंगच्या हिशोबाने टाकलेले, त्यामुळे मशीन बसवायला सलग जागा नाही. फरशी किती वजन झेलणार ते कुणी विचारलेलंच नाही. टेम्पोला वळायला जागा नाही. शटर मुख्य रस्त्यावर, जिथे माल उतरवायला बंदी. थ्री फेज लाईन मागून ओढायची तर सोसायटीची परवानगी. मग दोन वर्षं गाळा रिकामा राहतो, मग बिल्डर अर्ज करतो की बघा उद्योगाला मागणीच नाही, जिम काढू द्या. झालं, उद्योग संपला, आणि सगळं कायदेशीर.

उद्योग खरंच ठेवायचा असेल तर आधी छत निदान साडेचार-पाच मीटर, मालाची लिफ्ट, मागच्या बाजूने गाडी लावायची सोय आणि फरशीची ताकद हे नियमात लिहा. आणि आवाजाचं. नवीन माणूस फ्लॅट घेतो आणि पहिल्या महिन्यात प्रेसच्या आवाजाची तक्रार करतो, प्रेस तिथे चाळीस वर्षं आहे. इंग्लंडमधे २०१८ पासून नियोजनाच्या राष्ट्रीय धोरणात आलंय की जो नवीन येतो त्याने आवाजापासून बचावाची व्यवस्था करायची, जुन्याने नाही. असं काहीतरी पाहिजे. व्हँकुव्हरच्या ग्रॅनव्हिल आयलंडवर मंडई, नाटकगृह, कलाकारांच्या जागा आहेत आणि मधोमध काँक्रीटचा प्लँट आजही चालू आहे, ट्रक ये-जा करतात, आकाश कोसळलं नाही.

पारावरचा

लेथवाले दादा, टाळ्या. पण जमिनीचा भाव घरांना दहापट मिळत असेल तर लेथ टिकणार कसा? नियमाने किती दिवस अडवणार?

लेथवाला

नियमाने थोडे दिवस अडतं. शिकागोने १९८८ मधे उद्योग राखीव पट्टे केले, तिथे घरं बांधायलाच बंदी. बरीच वर्षं टिकलं. मग नदीकाठची मोठी पोलाद गिरणी शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली, भाव वाढले, २०१७ ला नियम सैल केले, २०१९ ला तिथे प्रचंड टॉवरचा प्रकल्प मंजूर झाला, आणि पुढची कित्येक वर्षं जमीन बहुतांश तशीच पडून. ना पोलाद ना टॉवर.

म्हणून मी धुराडंभाऊंच्या बाजूने. मालकी हाच खरा नियम. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या नेव्ही यार्डचं बघा, म्हणजे नौदलाचं जहाजबांधणीचं आवार. १९६६ ला नौदलाने बंद केलं, दुसऱ्या महायुद्धात तिथे सत्तर हजार लोक कामाला होते. शहराने जागा घेतली आणि आजपर्यंत विकलेली नाही, साधारण ३०० एकर. एक ना-नफा संस्था ती चालवते, फक्त भाड्याने देते. सुरुवातीला त्यांनी पण सगळ्यांसारखंच केलं, एका मोठ्या जहाज कंपनीवर भिस्त ठेवली. १९७९ ला ती कंपनी बसली आणि हजारो लोक रस्त्यावर. मग हळूहळू मोठ्या इमारतींचे तुकडे पाडून छोट्या छोट्या धंद्यांना द्यायला लागले. एक गेला तर दुसरा येतो, सगळं एकदम कोसळत नाही. आता तिथे शेकड्याने धंदे आहेत. जमीन विकायची नाहीच म्हटल्यावर भावाचा प्रश्नच कटाप.

हिशोबनीस

सगळं छान. आता कटू बोलतो. पहिल्या दहा वर्षांचे पैसे?

कारण या धंद्यात खर्च आधी आणि उत्पन्न शेवटी असतं. सफाई, रस्ते, गटारं, पूर अडवायची व्यवस्था, ट्रेन हे सगळं आधी, आणि कर-भाडं यायला लागतं पंधराव्या वर्षी. 'जमीन विकू नका' म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं. बिल्बाओची कंपनी जमीन विकूनच चालत होती, २००८ मधे बाजार बसला तसा तिचा झराच आटला. अमेरिकेत वाढीव करावर कर्ज काढतात, म्हणजे आजचा मालमत्ता कर गोठवायचा आणि पुढे जो वाढेल तो त्याच पट्ट्यात घालायचा. ऐकायला मस्त, पण तो वाढीव कर एरवी शाळांना, बाकीच्या शहराला मिळाला असता. कॅलिफोर्नियाने ही अख्खी व्यवस्था २०१२ मधे गुंडाळली.

आणि ट्रेन. लंडनच्या डॉकलँड्सला १९८१ मधे सरकारी महामंडळ नेमलं, करसवलती दिल्या, पण दळणवळण म्हणून १९८७ ला एक छोटी लाईट रेल्वे. तिथल्या कॅनरी व्हार्फ या ऑफिस संकुलाचा टॉवर १९९१ ला पुरा झाला आणि १९९२ ला बिल्डर दिवाळखोरीत. भुयारी रेल्वेची जुबिली लाईन तिथे पोचली १९९९ ला. मग जागा भरली. म्हणजे बिल्डिंग आधी आणि गाडी मागून, त्याची किंमत एका मोठ्या कंपनीने जिवानिशी दिली.

माझं उत्तर असं आहे, सगळ्यांना आवडणार नाही. पट्ट्याचा एक कोपरा, स्टेशनला सगळ्यात जवळचा, पूर्ण बाजारभावाने द्या पण दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने, आणि भाडं दर काही वर्षांनी जमिनीच्या भावाप्रमाणे वाढेल अशी अट घाला. तो पैसा बाकीच्या पट्ट्याच्या सफाईला. उरलेलं हळू. एकदम सगळं बाजारात आणलं तर स्वतःच स्वतःचा भाव पाडता.

धुराडं

@हिशोबनीस, हे मला पटतंय. विक्रीच्या मी विरोधात नाही, विक्रीच्या घाईच्या विरोधात आहे. हॅम्बुर्गने पण प्लॉट विकूनच रस्ते-पूल केले, फक्त एकेक करून आणि आपल्या अटींवर. भाडेपट्टा मिळाला तर उत्तमच.

खडूस_काका

आणि निवडणूक? पाच वर्षांनी माणसं बदलणार, नवा म्हणणार जुन्याचं सगळं रद्द.

निशाचर

यावर रूरवाल्यांनी वेगळीच आयडिया काढली होती. १९८९ मधे त्यांनी एक संस्था स्थापन केली आणि तिचा शेवट आधीच जाहीर केला, १९९९ ला बंद म्हणजे बंद. छोटं ऑफिस, स्वतःची जमीन नाही, सतरा गावांमधे शंभरावर प्रकल्प. काम काय, तर गुणवत्ता सांभाळायची, गावांना एकत्र आणायचं, सरकारी पैसा चांगल्या प्रकल्पाकडे वळवायचा. जमिनी घ्यायचं काम राज्याचा एक वेगळा निधी ऐंशीच्या दशकापासून करतच होता, बंद कारखान्यांच्या जागा विकत घ्यायच्या आणि साफ करून ठेवायच्या. म्हणजे जमीन धरून ठेवणारा वेगळा आणि कल्पना लढवणारा वेगळा. कल्पनावाल्याला मुदत असल्यामुळे तो संस्थान थाटून बसत नाही, आणि जमीनवाल्याला घाई नसते.

भाडेकरू

हे चांगलं आहे. पण यात राहणाऱ्यांचा आवाज कुठे? 'जनसुनावणी' म्हणजे मंगळवारी दुपारी तीन वाजता, कामाच्या वेळेत, कुठेतरी लांब हॉलमधे. जाणार कोण.

लंडनला कॉईन स्ट्रीटच्या लोकांनी ऑफिस टॉवरच्या विरोधात लढून १९८४ मधे १३ एकर जागा स्वतःच्या संस्थेच्या नावावर घेतली, घरं, बाग, दुकानं तीच संस्था चालवते. सगळीकडे असं जमणार नाही मान्य, पण जमीनवाल्या संस्थेच्या मंडळावर तिथले राहणारे आणि तिथले धंदेवाले यांना मत हवं, सल्लागार म्हणून खुर्ची नको. सल्लागाराला चहा मिळतो, इतिवृत्तात नाव पण येत नाही.

पारावरचा

समजा उद्या मला असा एखादा पट्टा सोपवला. पहिली दोन वर्षं करू काय? एका दमात सांगा कुणीतरी.

मातीतला_माणूस

कागद गोळा करा, जुन्या कामगारांना फिरवा, भूजलाच्या विहिरी पाडून मोजायला सुरुवात करा. पहिल्या पावसाळ्याच्या आधी, नाहीतर एक वर्ष वाया.

नकाशेवाली

आणि तोवर नवीन बांधकाम परवानग्या थोपवा, ठराविक मुदतीपुरत्या, कोर्टात टिकेल अशा. नाहीतर तुम्ही विहिरी मोजेपर्यंत कोपऱ्यावरचे सगळे प्लॉट मंजूर होऊन जातात. चालू धंद्यांची यादी दारोदार जाऊन करा, सॅटेलाईटवरून नको. कोण मालक, कोण भाड्याने, किती माणसं, वीज किती लागते, माल कुठून येतो कुठे जातो.

लेथवाला

त्या यादीसाठी येणाऱ्याला सांगा सकाळी अकरानंतर या, आधी माल निघायची गडबड असते. आणि यादी कशासाठी करतोय ते पहिल्या वाक्यात सांगा. आमच्याकडे कागद-पेन घेऊन कुणी आलं की निम्मे जण शटर ओढून घेतात.

हिशोबनीस

मॉनिटरिंगच्या पैशाचं वेगळं खातं त्याच दोन वर्षांत उघडा. रक्कम लहान असली तरी चालेल, पण ते खातं मोडायला सभागृहाचं दोन तृतीयांश मत लागेल असा ठराव आत्ताच करून घ्या. बिल्डिंगी दिसायला लागल्यावर तो ठराव कुणी मंजूर करणार नाही.